भाऊ १७ चा, गांजा ओढतो आणि तसाच अ‍ॅक्टिव्हावरून घरी येतो. काय करू?

कोथरूडची_ताई

नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहितेय पहिल्यांदाच, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

माझा धाकटा भाऊ १७ चा, बारावी सायन्स, क्लास वगैरे सगळं चालू आहे. गेल्या महिन्यात त्याच्या सॅकमध्ये गोगोचे कोन (गांजा भरून ओढायचे कागदाचे) सापडले, मी विचारलं तर लपवाछपवी केली नाही, सरळ म्हणाला हो ओढतो. दहावीच्या सुट्टीत मित्रांबरोबर पहिल्यांदा ओढला, म्हणजे पंधराव्या वर्षी. आधी कधीतरी, मग शनिवार-रविवार, आणि आता मला वाटतं क्लास सुटला की जवळजवळ रोजच, तो "रोज नाही गं" म्हणतो पण डोळे दिसतात ना. सिगारेटमधली तंबाखू थोडी काढून त्यात माल मिसळून ओढतात, टेकडीवर बसतात चार-पाच जण आणि अंधार पडला की तसेच गाड्यांवरून घरी. लायसन्स अर्थातच नाहीये. अ‍ॅक्टिव्हा बाबांच्या नावावर आहे, क्लासला जायला घेतो, आमच्या सोसायटीत अकरावीपासून सगळीच पोरं चालवतात.

त्याच्याकडे उत्तरं तयार आहेत. एक म्हणजे गांजा नॅचरल आहे, महाशिवरात्रीला लोक भांग पितातच की, ह्याचं व्यसन लागत नाही, व्यसन दारूचं आणि पावडरचं. आणि दुसरं म्हणजे, दारू पिऊन लोक माणसं उडवतात, माल मारल्यावर मी उलट हळू चालवतो, तीसच्या वर जातच नाही. हे दुसरं ऐकून तर मला काय बोलावं तेच सुचेना, कारण खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटतंय.

आईला माहीत नाही. बाबांना कळलं तर घर डोक्यावर घेतील, एकतर मारतील नाहीतर उचलून कुठल्यातरी केंद्रात नेऊन टाकतील, मधलं काही त्यांना जमत नाही. मी उगाच घाबरतेय का? व्यसन खरंच लागतं का ह्याचं? आणि गाडीचं एवढं मनावर घेण्यासारखं आहे का? कोणी ह्या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा, उपदेश नको, माहिती हवी.

नानासाहेब_६२

दोन कानाखाली द्या आणि मोबाईल काढून घ्या. आमच्या वेळी हे लाड नव्हते.

खवय्या_सातारकर

नाना, तुमच्या वेळी चिलीम ओढणारे गावात पाराखालीच बसायचे, जरा आठवून बघा. ताई, चांगला प्रश्न विचारलात. वाचतोय.

स्टिअरिंग_नाशिक

ताई, मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, त्याआधी बरीच वर्षं लाइनवर होतो, मुंबई-आग्रा रोडवर. तेव्हा कसाऱ्याच्या घाटात नाहीतर ढाब्याच्या मागे चिलीम ओढून गाडीवर बसणारे ड्रायव्हर भरपूर पाहिलेत त्यामुळे हे "हळू चालवतो" प्रकरण मला चांगलं माहीत आहे. तुमचा भाऊ खोटं बोलत नाही. दारू प्यायलेला माणूस गाडी पळवतो, त्याला वाटतं आपण राजे, आणि गांजा ओढलेला बहुतेक वेळा हळूच चालवतो कारण त्याला आतून कळत असतं की आपण थोडे वेगळे झालोय. इथपर्यंत त्याचं बरोबर.

पण हळू चालवणं म्हणजे नीट चालवणं नाही हो. रस्त्यावर एका वेळी पाच गोष्टींकडे लक्ष ठेवावं लागतं, पुढची रिक्षा, आरसा, डावीकडनं घुसणारा, सिग्नल, खड्डा. गांजाने नेमकं हेच जातं. एका गोष्टीकडे टक लावून चालवेल मस्त, पण दुसरी गोष्ट मध्ये आली की तिकडे लक्ष वळायला वेळ लागतो, आणि गाडी लेनमध्ये सरळ राहत नाही, डुलत जाते. वेळेचा अंदाज पण चुकतो, समोरचा किती लांब आहे, आपण किती वेगात आहोत वगैरे. तीसच्या स्पीडला गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी चार मीटर गेले, आणि समोर शाळेतनं सुटलेलं पोरगं असेल तर चार मीटर खूप झाले. शिवाय कर्वे रोडला रात्री आठ वाजता तीसने जाणाऱ्या स्कूटरला मागचा पीएमटीवाला काय करतो ते तुम्ही पुण्यातले आहात, तुम्हीच सांगा.

आणखी एक. चारचाकीत लेन चुकली तर दरवाजा घासतो. दुचाकीला तोल लागतो. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची. आणि हा तर अजून शिकाऊ पण नाही, बिनलायसन्सचा, म्हणजे साध्या शुद्धीत सुद्धा ज्याला अजून पुरता अंदाज नाही त्याच्यावर हे. चावी काढून घ्या आधी, बाकीचं नंतर बघू.

सावली_क

ताई, मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. मोठं होणार आहे उत्तर, चहा घेऊन बसा.

व्यसन लागत नाही हे चूक. ओढणारा प्रत्येकजण व्यसनी होतो हेही चूक, आणि हे दुसरं मी मुद्दाम सांगतेय कारण घरच्यांनी एकदा अति सांगितलं की पोरं पहिलं खरं पण ऐकत नाहीत. जे आकडे वर्षानुवर्षं सांगितले जातात ते असे, की आयुष्यात कधीही गांजा ओढलेल्यांपैकी साधारण ९ टक्के लोक त्याच्यावर अवलंबून होतात, पण सुरुवात टीनएजमध्ये झाली असेल तर ते प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे सहातला एक. रोज ओढणाऱ्यांत त्याहून खूप जास्त. टेकडीवर चार-पाच जण बसतात म्हणालात ना, तर त्या कट्ट्यातला एखादा अडकणार असं धरून चाला, तो कोण हे आत्ता कोणालाच सांगता येत नाही, त्यांना स्वतःला तर अजिबातच नाही.

वय का महत्त्वाचं, तर मेंदूचा पुढचा भाग, जो "थांब, विचार कर" म्हणतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. आणि गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतं ती यंत्रणा शरीराची स्वतःचीच असते, त्या वयात ती मेंदूची जोडणी करायच्या कामात गुंतलेली असते. त्यात रोज बाहेरून ढवळाढवळ. शिवाय साधी गोष्ट, पंधराव्या वर्षी ज्याला कंटाळा, राग, परीक्षेची भीती ह्या सगळ्यावर एकच उपाय सापडला तो दुसरे उपाय शिकतच नाही. मला विचाराल तर मेंदूच्या फोटोंपेक्षा हे जास्त नुकसान करतं, पण हे माझं मत.

आपल्याकडे ह्याला कोणी आजार मानत नाही म्हणून एक आकडा देते. केंद्र सरकारसाठी एम्सने देशभर पाहणी केली होती, रिपोर्ट २०१९ चा आहे. वर्षभरात भांग-गांजा-चरस घेतलेले ३ कोटींच्या वर आणि त्यातले ७२ लाख असे की ज्यांना ह्यासाठी मदतीची गरज आहे. भांग पिणारे संख्येने जास्त आहेत पण त्रासात अडकलेले गांजा-चरसवाल्यांत प्रमाणाने जास्त. त्यामुळे भावाचं ते महाशिवरात्रीचं उदाहरण त्याच्यावरच उलटतं. वर्षातून एकदा ग्लासभर भांग आणि रोज संध्याकाळी कोन ह्यात काही साम्य नाही. भांग पानांची असते, गांजा म्हणजे फुलोरा, त्यात टीएचसी जास्त, आणि ओढल्यावर काही मिनिटांत चढतं म्हणून सवय पण लवकर लागते. हल्ली पोरं "हायड्रो", "ओजी" म्हणतात तो बँकॉकहून येणारा माल, मुंबई विमानतळावर सारखा पकडला जातो बघा, तो तर आणखी तेज. कुठला ओढतो हे विचारा, पण चौकशीच्या सुरात नको.

आता त्याला काय विचारायचं. किती ओढतोस हे विचारू नका, सगळे कमीच सांगतात. एकट्याने ओढतोस का? मित्र नसतील तेव्हा? सकाळी? मध्ये थांबवून बघितलंस का, मग काय झालं? ह्यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. रोज ओढणारा थांबला की दोन-तीन दिवसांत चिडचिड, झोप न लागणं, विचित्र आणि अगदी स्पष्ट स्वप्नं, भूक मरणं, घाम, हे सुरू होतं, आठवडाभरात शिखर आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं, झोपेचं थोडं लांबतं. घरचे समजतात बारावीचं टेन्शन. पोरगा समजतो की बघा, माल घेतला की मी शांत असतो म्हणजे मला औषधासारखा लागतोय. खरं म्हणजे जो त्रास तो घालवतोय तो त्यानेच आणलेला असतो.

तंबाखूत मिसळतात म्हणालात, तेही धरा. गांजा सोडताना निकोटीनची तलफ वेगळी येते आणि पोरं दोन्हीचा हिशोब एकात करतात.

हिरवळ_दाट

आला का नेहमीचा डोस. कोणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी म्हणून लिहितो. मी इंजिनिअरिंगपासून ओढतो, आज चाळिशीला आलोय, नोकरी आहे, ईएमआय वेळेवर जातो, बायकोला माहीत आहे. दारू पिऊन बायकोला मारणारे शेजारी पाहिलेत, गांजा ओढून मारणारा एकही नाही पाहिला. साधू-बैरागी शेकडो वर्षं ओढतायत. गांजाबंदीचा हा कायदा १९८५ चा, त्याआधी आपल्याकडे लायसन्सची दुकानं होती.

आणि ते अभ्यास. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनचा अभ्यास सगळे तोंडावर फेकतात, लहानपणी सुरू करून ओढत राहिलेल्यांचा आयक्यू ८ ने पडला. २०१६ मध्ये अमेरिकेत जुळ्या भावंडांवर बघितलं तर एक ओढणारा एक न ओढणारा, दोघांचाही सारखाच घसरलेला, म्हणजे कारण घरचं वातावरण, गांजा नव्हे. ड्रायव्हिंगचं पण तसंच, अमेरिकन सरकारच्याच खात्याने व्हर्जिनिया बीचला हजारो ड्रायव्हर तपासले, २०१५ चा रिपोर्ट आहे, वय आणि दारू वगैरे वजा केल्यावर टीएचसीवाल्यांचा अपघाताचा धोका वाढलेला दिसलाच नाही. दारूवाल्यांचा कित्येक पट. हे का नाही सांगत कोणी? मी स्वतः इतकी वर्षं चालवतोय, मला काही होत नाही, कधी ओरखडा नाही.

१७ व्या वर्षी ओढू नये हे मान्य, अभ्यास कर म्हणावं. पण त्याला रोगी ठरवू नका.

नानासाहेब_६२

बघा, हे असे लोक असल्यावर पोरं कशी सुधारतील.

सावली_क

नाना थांबा, ते जे सांगतायत त्यातलं बरंच खरं आहे.

@हिरवळ_दाट, जुळ्यांचा मुद्दा बरोबर, आयक्यूवरून पोरांना घाबरवू नये असं मीही म्हणते. व्हर्जिनिया बीचचंही बरोबर. फक्त एक लक्षात घ्या, त्यात रक्तात किंवा लाळेत टीएचसी सापडलं की तो माणूस मोजला गेला, आणि टीएचसी सापडणं म्हणजे त्या क्षणी तारेत असणं नव्हे. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात दुसऱ्या दिवशी सुद्धा थोडं असतं. म्हणजे नशेत नसलेले बरेच जण त्यात मिसळले आणि धोका पातळ झाला. सगळे अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये काढलं तेव्हा धोका जवळजवळ दुप्पट आला होता, २०१६ मध्ये दुसऱ्यांनी परत मांडलं तेव्हा बराच खाली आला, पण शून्यावर नाही आला. दारूपेक्षा कमी, हे मान्यच. दारू आणि गांजा एकत्र असेल तर दोन्हीपेक्षा वाईट, आणि कट्ट्यावर बिअर पण असतेच हो.

पण तुमचं शेवटचं वाक्य, "मला काही होत नाही", ह्याच्यावर मला जास्त बोलायचंय कारण ताईंचा भाऊ पण हेच म्हणतोय. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला विद्यापीठात १९१ नेहमीच्या ओढणाऱ्यांना सिम्युलेटरवर बसवलं होतं, २०२२ ला छापून आलं. काहींना खरा माल, काहींना टीएचसी काढलेला. अर्ध्या तासानंतर खरा ओढलेल्यांचं चालवणं बिघडलेलं आणि त्यांना ते कळत होतं. दीड तासानंतर बहुतेक जण म्हणाले की आता आम्ही चालवू शकतो. चालवणं मात्र तेवढंच बिघडलेलं होतं. ठीक व्हायला चार-साडेचार तास लागले. म्हणजे नशा उतरल्याची जाणीव आधी येते आणि हात-डोळे नंतर जागेवर येतात, मधले जे दोन-तीन तास आहेत ना ते खरे धोक्याचे, आणि टेकडीवरून उतरून घरी यायची वेळ नेमकी तीच. तुमच्या ओरखडा न पडण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, दारू पिऊन घरी नीट पोचणारेही रोज हजारो असतात.

आणि वयाचं आणि गाडीचं नातं. बोस्टनजवळ मॅक्लीन हॉस्पिटल आहे, त्यांनी २०२० ला वेगळंच काहीतरी बघितलं. भरपूर ओढणारे घेतले, पण निदान बारा तास ओढलेलं नाही अशा अवस्थेत, म्हणजे शुद्धीत. तरी सिम्युलेटरवर ते न ओढणाऱ्यांपेक्षा वाईट निघाले, स्पीड जास्त, लाल सिग्नल तोडणं, लेन सोडणं. मग वयाप्रमाणे दोन गट केले तर तो फरक मुख्यतः सोळाच्या आत सुरू केलेल्यांमुळे होता. अभ्यास छोटा आहे. आणि त्यांनीच म्हटलंय की ह्याच्यामागे उतावळेपणाचा भाग असू शकतो. आता पोरं उतावळी होती म्हणून लवकर ओढायला लागली, की लवकर ओढल्यामुळे उतावळी झाली, हे त्यातून ठरत नाही, तुम्ही विचारायच्या आत मीच सांगते. पण आईबापाच्या, बहिणीच्या दृष्टीने त्याने काय फरक पडतो? पंधराव्या वर्षी सुरू केलेला मुलगा दोन्ही बाजूंनी चावी न देण्यासारखाच आहे.

हिरवळ_दाट

चार तासांचं ते मला माहीत नव्हतं, बघतो. बाकी मतं कायम.

मिसिसागाची_मावशी

इकडचं सांगते, कारण भारतात आता "कॅनडात तर लीगल आहे" हे पोरांचं पेटंट वाक्य झालंय, माझ्या भाच्याने मला फोनवर ऐकवलं. हो आहे, १७ ऑक्टोबर २०१८ पासून. पण आमच्या ऑन्टॅरिओत वय १९ लागतं, क्युबेकने तर आधी १८ ठेवलं आणि २०२० मध्ये २१ केलं. आणि गाडीच्या बाबतीत लीगल केल्यापासून कायदा सैल नाही झाला, उलट आवळला. रक्तात २ नॅनोग्रॅमच्या वर सापडलं की केस, ५ च्या वर मोठी केस, दारूबरोबर असेल तर अडीचलाच. आणि २१ किंवा त्याच्या आतला ड्रायव्हर किंवा शिकाऊ जी-वन जी-टू लायसन्सवाला असेल तर शून्य, म्हणजे लाळेच्या मशिनवर दिसलं की जाग्यावर काही दिवस लायसन्स गेलं आणि वर दंड, ही पहिल्या वेळची गोष्ट. म्हणजे ज्या देशाने दुकानं उघडून दिली त्याला सुद्धा कोवळ्या ड्रायव्हरच्या हातात हे दोन्ही एकत्र नकोय. हे तुमच्या भावाला सांगा, "कॅनडात लीगल" म्हणाला तर.

दुसरं, आमच्या घरी काय केलं ते. मुलगा जी-टूवर असताना आम्ही एकच बोली केली, कुठेही अस, किती वाजले असू देत, काय घेतलं असशील ते असशील, गाडीला हात लावायचा नाही, आम्हाला फोन करायचा, आम्ही घ्यायला येणार आणि त्या रात्री एक शब्द विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी बोलू, पण त्या रात्री नाही. आणि मित्राने ओढली असेल तर त्याच्या मागे पण बसायचं नाही, हे विसरतात लोक, मागे बसणारा पण मरतो. माझे मिस्टर आधी म्हणाले की हे म्हणजे परवानगी दिल्यासारखंच झालं. मी म्हटलं असेल, पण पोलिसांचा फोन येण्यापेक्षा पोराचा आलेला बरा. तुमच्याकडे तर रिक्षा आहे, अ‍ॅपवरची टॅक्सी आहे, तुम्ही ताई आहात, तुमच्या फोनवरून बुक करून द्या.

काळा_कोट

कायद्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून, थोडक्यात.

तुमचा भाऊ १७ चा. १६ ते १८ मध्ये फक्त बिनगिअरची आणि ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, ती पण लायसन्स काढून. अ‍ॅक्टिव्हा त्याच्या दुपटीच्या वर आहे. म्हणजे तो साधा शुद्धीत क्लासला गेला तरी गुन्हा, आणि गुन्हेगार कोण, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमाखाली गाडीचा मालक किंवा पालक. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन एक वर्षासाठी रद्द, आणि मुलाला वयाची २५ होईपर्यंत लायसन्स नाही. २०२४ च्या मे महिन्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर पुण्यात हे कलम काय असतं ते सगळ्यांना कळलंय, तिथे दारूचा विषय होता पण पालकांवर गुन्हा दाखल होण्याचा मार्ग हाच. कोणाला धक्का लागला आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नाही तर विमा कंपनी भरपाई देऊनसुद्धा नंतर मालकाकडून वसूल करायला येते. बाबांचं घर डोक्यावर घेणं परवडलं.

नशेत चालवण्याचं कलम १८५. दारूला आकडा आहे, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. गांजाला आपल्याकडे आकडा नाही, "गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल" अशी भाषा आहे. पोलीस फुंकायला लावतात त्या मशिनमध्ये फक्त दारू कळते. हे पोरांना पक्कं माहीत असतं म्हणून ती नाकाबंदीला घाबरत नाहीत. पण अपघात झाला तर रक्त काढतातच.

एनडीपीएसमध्ये, म्हणजे १९८५ च्या त्या अमली पदार्थांच्या कायद्यात, गांजा एक किलोपर्यंत "अल्प प्रमाण" धरतात, तरी गुन्हा आहेच, वर्षापर्यंत शिक्षा किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. नुसतं ओढण्याला सहा महिन्यांपर्यंत. अठराच्या आत असल्याने प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, नेहमीच्या कोर्टात नाही. आणि ६४अ म्हणून एक कलम आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून त्याला सवलत मिळते, उपचार अर्धवट सोडले तर जाते. उपचाराला नेलं तर पोलीस केस होईल ह्या भीतीने लोक नेत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

स्टिअरिंग_नाशिक

+१. क्लासला सोडायला रिक्षा लावा ताई, महिन्याचे पैसे ठरवून.

कोथरूडची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, नानांचे पण. रविवारी आम्ही दोघंच बाहेर चहाला गेलो तेव्हा बोलले. सावलीताईंनी सांगितलेला तो प्रश्न विचारला, मध्ये थांबवलं होतंस का. आधी हसला, मग म्हणाला गणपतीत गावी होतो तेव्हा नव्हता मिळाला, झोपच आली नाही आणि काहीतरी भयानक स्वप्नं पडायची, मला वाटलं गावच्या घराची भीती. मी काही बोलले नाही, तुमचं ते लिहिलेलं मोबाईलवर वाचायला दिलं. वाचून बराच वेळ गप्प होता.

दीड तास आणि चार तासांचं पण दाखवलं. त्यावर वाद घातला, "ते सिम्युलेटरवर, खऱ्या रस्त्यावर वेगळं". पण काळा कोट साहेबांचं वाचून बाबांवर केस होईल हे त्याला लागलं, त्याला खरंच माहीत नव्हतं. चावी दिली. म्हणजे, "सध्या" दिली असं म्हणाला. आईला मी सांगितलं आहे, फक्त गाडी आणि लायसन्सचा भाग, रिक्षा लावली.

आता प्रश्न उरले ते असे. औषध असतं का ह्याच्यावर? बाबांना सांगायलाच लागेल का? मेडिकलमध्ये लघवी तपासायचं किट मिळतं, ते आणून ठेवू का म्हणजे कळेल तरी? आणि बारावी आहे, फेब्रुवारीत बोर्ड, तो म्हणतोय परीक्षा होऊ दे मग एप्रिलपासून पूर्ण बंद करतो, हे ऐकावं का?

सावली_क

किट नको. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तीन-चार आठवडे सुद्धा दिसत राहतं, म्हणजे त्याने खरंच सोडलं तरी पट्टी पॉझिटिव्ह येईल, तुम्ही म्हणाल खोटारडा आणि तो म्हणेल मग सोडून काय उपयोग. शिवाय आत्ता नशेत आहे की नाही हे त्यातून कळतच नाही. तपासणी करायची तर डॉक्टरांना करू दे.

औषध म्हणाल तर दारूला, ब्राउन शुगरला जशी ठरावीक औषधं आहेत तसं गांजासाठी मान्यता मिळालेलं एकही नाही. झोप किंवा चिडचिड फार असेल तर डॉक्टर थोडे दिवस काहीतरी देतात, पण मुख्य काम बोलण्याचं. कधी तलफ येते, कोणाबरोबर, त्या वेळेला दुसरं काय करायचं, ह्याची बारीक आखणी. ह्या वयात घरच्यांना बरोबर घेऊन केलेल्या समुपदेशनाचा उपयोग चांगला होतो. दाखल करायची गरज बहुतेक मुलांना नसते, त्यामुळे बाबांना "केंद्रात टाकायचं" हा पर्यायच देऊ नका. पुण्यात ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे १९८६ पासून, आणि नुसतं फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ टेलीमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मराठीत बोलतात, किंवा नशामुक्तीचा १४४४६. फोन त्याने स्वतः केला तर उत्तम, तुम्ही शेजारी बसा.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. कोणीतरी मागावर आहे, लोक माझ्याबद्दलच बोलतायत असं काही बोलायला लागला, किंवा ओढलेलं नसताना सुद्धा आवाज ऐकू येतायत म्हणाला, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडे. रोज तेज माल ओढणाऱ्यांत हा धोका वाढतो, आणि घरात कोणाला आधी असा आजार असेल तर जास्तच. तुमच्या घरात आहे का ते आईला विचारून ठेवा.

बाबांना सांगावं लागेल. अठराच्या आत आहे, डॉक्टर पालकांशिवाय फार पुढे जाणार नाहीत, आणि त्यांनाही कळायला हवं. पण आधी आईला पूर्ण सांगा, मग बाबांना, आणि सांगताना भाऊ समोर नको. घरात बाबा ज्यांचं ऐकतात असे कोणी असतील, काका, मामा, त्यांना आधी विश्वासात घ्या. पहिला अर्धा तास ते काय बोलतील ते पोराच्या कानावर पडायला नको, एवढंच.

आणि एप्रिलचं ऐकू नका. सोडल्यानंतरचे ते दोन वाईट आठवडे कधीतरी यायचेच आहेत. आत्ता घेतले तर डिसेंबरच्या प्रिलिमपर्यंत झोप जागेवर येते. जानेवारीत कोणीतरी पकडलं, घाबरून एकदम बंद केलं आणि प्रॅक्टिकलच्या तोंडावर रात्र-रात्र झोप नाही, अशी मुलं दरवर्षी येतात. शिवाय परीक्षेपर्यंत चालू ठेवायचं म्हणजे अभ्यासाचं टेन्शन परत त्याच कोनावर, आणि मग एप्रिलमध्ये सुट्टी, सुट्टीत टेकडी. दिवाळीच्या आतली एखादी तारीख त्यालाच ठरवू दे, त्याच आठवड्यात ओपीडीची पहिली भेट घ्या, आणि क्लासला आधीच सांगून ठेवा की चार-पाच दिवस येणार नाही, ताप आलाय म्हणा.

कोथरूडची_ताई

मामाला फोन केलाय, शनिवारी येतोय. तारखेचं आज रात्री विचारते.